अडखळत्या वाणीची कैफियत

ज्याची वाणी वारंवार अडखळते अशा मनुष्याने, ठरावीक शब्द ठरावीक क्षणी उच्चारल्यावाचून जिथे काम तसूभरही पुढे सरकत नाही अशीच चाकरी पत्करावी, ही गोष्ट सकृद्दर्शनी विपरीत वाटते. परंतु आमच्या शेजारचे स्टेशन मास्तर, ज्यांची अखेरची बदली मुदखेड जंक्शनावर झाली आणि जे पुढे याच गावचे झाले, त्यांनी ती चाकरी निवृत्तीपर्यंत निभावली. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग आणि भोकर, हिमायतनगर, किनवट यांवरून आदिलाबादेकडे जाणारा फाटा येथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे या स्टेशनावर मास्तराची दूरध्वनीपासून सुटका नसे. पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’ घ्यायची, खात्रीदाखल दोन आकडी ‘प्रायव्हेट नंबर’ द्यायचा आणि घ्यायचा, कंट्रोलला गाडीची वेळ कळवायची. आणि या साऱ्या व्यवहारात एकाही शब्दाला बदली शब्द चालत नाही. तोतरेपणा ज्यांच्या वाट्याला आला आहे ती माणसे अडणारा शब्द दुरूनच ओळखतात आणि तो ओठांशी येण्यापूर्वी त्याच्या जागी दुसरा ठेवून वेळ निभावतात. पण ‘मुगट’ स्टेशनाला दुसरे नाव नाही, ‘उमरी’ला नाही, आणि त्रेचाळीस या आकड्याला तर मुळीच नाही. स्वतःचे नाव आणि स्वतःच्या गावाचे नाव हीच बहुतेकांना सर्वांत जड का जातात, हे यावरून ध्यानात यावे.

माझा सहा वर्षांचा नातू गेल्या वर्षापासून पहिल्या अक्षरावर अडू लागला, आणि दिवाळीनंतर त्याने वर्गात बोलणेच सोडले. हजेरी घेताना त्याचे नाव आले की तो नुसता उभा राहतो. नांदेडच्या कचेरीत जन्मभर दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय जडल्यामुळे असेल, पण इलाजाचा निर्णय करण्यापूर्वी मला दोन माणसांचे ऐकावेसे वाटले : एक मास्तर, ज्यांनी हे दुखणे आयुष्यभर अंगावर वागवले, आणि दुसरी त्यांची भाची, जी मुंबईत वाचा-उपचाराचे शिक्षण घेऊन तेथेच एका रुग्णालयात काम करते आणि त्या आठवड्यात लग्नकार्यासाठी मुदखेडला आली होती. संध्याकाळी मास्तरांच्या ओसरीवर आम्ही तिघे बसलो, ते दिवेलागणी होऊन गेली तरी उठलो नाही.

मास्तरांचे अडखळणे मी पुढे तुटक अक्षरांनी दाखवलेले नाही. नाटकांत आणि चित्रपटांत ते हशा पिकवण्यासाठी इतक्या वेळा वापरले गेले आहे की कागदावर ते उतरवायला माझा हात धजत नाही. वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे की खाली दोन ओळींत आलेले एखादे वाक्य पुरे व्हायला पुष्कळ वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आम्हां दोघांपैकी कोणी त्यांच्या तोंडात शब्द घातला नाही.

“वकीलसाहेब, माझे ऐकाल तर पोराला आत्तापासूनच तालमीत घाला,” मास्तर म्हणाले. “माझ्या आईने मला बासरला नेऊन सरस्वतीपुढे अक्षराभ्यासाला बसवले. जिभेवर मधात उगाळलेले वेखंड लावले, पोपटाने उष्टावलेला पेरू कुठून कुठून मिळवून खाऊ घातला. एका वैदूने जिभेखालची शीर कापायची तयारी केली होती. वडिलांनी त्याला हाकलून दिले. यांपैकी कशानेही गुण आला नाही. गुण आला तो मेहनतीने. पहाटे उठून रुळांच्या कडेला चालत वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. श्वास भरून घ्यायचा, थांबायचे, मग शब्द सोडायचा. खिशात बोटांनी ताल धरायचो. लोकांना कळू दिले नाही म्हणून नोकरीत टिकलो. जग थांबत नाही, गाडी थांबत नाही. थांबायचे नाही हे आपल्यालाच शिकावे लागते.”

“वडिलांनी त्या दिवशी फार मोठे संकट टाळले, मामा,” भाची म्हणाली. “बर्लिनच्या डीफेनबाख नावाच्या ख्यातनाम शल्यविशारदाने १८४१ साली तोतरेपणावर इलाज म्हणून चक्क जिभेवर शस्त्रक्रिया केल्या होत्या, आणि त्या काळी भूल देण्याची सोयही नव्हती. दोष जिभेत नाहीच, तर जीभ कापून काय होणार? पण मला तुमच्या मेहनतीबद्दल विचारायचे आहे. दिवसाची पाळी संपवून तुम्ही घरी येत होता, तेव्हा तुमचे काय दुखत असे?”

मास्तरांना हा प्रश्न अनपेक्षित होता. कोणी तो त्यांना पूर्वी विचारला नसावा, असे त्यांच्या मुद्रेवरून वाटले.

“जबडा,” ते म्हणाले. “जबडा आणि मान. रात्रपाळी करून आलो की भाकरी चावायचे जिवावर येई. छातीत नुसते आवळल्यासारखे होई. हृदयाचे काही असेल म्हणून नांदेडला तपासून घेतले, तर काही निघाले नाही. पण दमणूक कोणत्या नोकरीत नसते? खलाशी दमतो, गँगमन दमतो.”

“गँगमन रूळ उचलून दमतो. तुम्ही शब्द दाबून धरून दमत होता,” भाची म्हणाली, आणि मग तिने माझ्याकडे वळून ही क्रिया मला ज्या रीतीने समजावून दिली, ती जशीच्या तशी सांगण्याचा प्रयत्न करतो. शब्द अडतो त्या क्षणी स्वरयंत्रातले तंतू घट्ट मिटलेले असतात, श्वास छातीत कोंडलेला असतो, जबडा आणि ओठ ताठरलेले असतात. आणि मनुष्य अशा वेळी आपण होऊनच अधिक जोर लावतो, म्हणजे जे दार आपल्याकडे ओढल्याने उघडायचे त्यावर तो खांद्याने धडका देत राहतो. त्या धडकांतून मग डोळे मिटणे, मान झटकणे, मांडीवर मूठ आपटणे, पाय दाबणे या सवयी जन्म घेतात. पहिल्या खेपेस मूठ आपटली आणि शब्द सुटला की मनुष्याला वाटते, कळ सापडली. वास्तविक नवेपणामुळे लक्ष क्षणभर दुसरीकडे गेले म्हणून तो सुटलेला असतो. महिनाभरात त्या युक्तीचा प्रभाव ओसरतो, पण मूठ मात्र सुटत नाही, तिला दुसरी युक्ती येऊन मिळते; आणि अशा रीतीने मूळच्या लहानशा अडथळ्याभोवती त्याला लपवण्यासाठी उभारलेल्या बंदोबस्ताचेच ओझे मोठे होऊन बसते.

“खिशातला ताल हाही त्याच बंदोबस्तापैकी, मामा. तो आजही चालू आहे.”

मास्तरांनी हात सदऱ्याच्या खिशातून बाहेर काढला, आणि त्यांचा आवाज थोडा चढला.

“तुझे म्हणणे शास्त्राला धरून असेल, पण तू त्या वाटेने गेलेली नाहीस, बाळ. तू घडाघडा बोलतेस. घडाघडा बोलणाऱ्याने तोतऱ्याला ‘लपवू नकोस’ म्हणून सांगणे सोपे आहे. मी नोकरीच्या मुलाखतीत अडखळलो असतो तर आज हे घर नसते. तुझ्या मामीला पाहायला गेलो तेव्हा माझ्या मोठ्या भावाने सांगून ठेवले होते, तू फक्त मान हलव. मुलगा मितभाषी आहे, असे त्यांना वाटले. सगळे लपवले म्हणून संसार झाला.”

हा आक्षेप मला तेव्हाही बिनतोड वाटला आणि आजही त्यात पुष्कळ तथ्य आहे असे मी मानतो. आमच्याकडे अशा माणसाला हळवा, भित्रा, क्वचित मंदबुद्धीही समजले जाते, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. कायद्याचा आधार शोधावा तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा आणि भाषेची दिव्यांगता मान्य केली आहे खरी. परंतु तिची व्याख्या स्वरयंत्र काढून टाकावे लागणे किंवा मेंदूवरील आघाताने वाचा जाणे अशा उदाहरणांवर बेतलेली असून तोतरेपणाचा तिच्यात नामनिर्देशही नाही. ज्याची वाणी कधी वाहते आणि कधी अडते, त्याची दरखास्त कोणत्या सदराखाली दाखल करावी, हा प्रश्न माझ्यासारख्या वकिलालाही पडतो.

भाचीने मामांचा आक्षेप नाकारला नाही. ती म्हणाली, “मी त्या वाटेने गेलेली नाही हे कबूल. म्हणून गेलेल्यांचीच साक्ष काढते. चार्ल्स व्हॅन रायपर हा अमेरिकेतला या विषयाचा मोठा अभ्यासक, १९०५ चा जन्म, आणि स्वतः अतिशय तोतरा. तरुणपणी त्याने एका शेतावर मजुरी मिळावी म्हणून मुक्याबहिऱ्याचे सोंग घेतले होते, म्हणजे तुम्ही मामीच्या घरी जे एका दिवसासाठी केले ते त्याने रोजच्या भाकरीसाठी केले. पुढे रस्त्यात त्याला एका म्हाताऱ्याने गाडीत घेतले. तो म्हाताराही तोतराच होता, पण त्याच्या अडखळण्यात कसलीही ओढाताण नव्हती. आता स्वतःशी झगडण्याचे वय राहिले नाही, म्हणून शब्द येतील तसे येऊ देतो, अशा अर्थाचे काही तो बोलला. व्हॅन रायपरने पुढे जी उपचारपद्धती घडवली तिचे बीज या भेटीत होते, असे त्याने स्वतः सांगितले आहे : अडखळणे थांबवण्याचा हट्ट सोडायचा आणि सुलभतेने अडखळायला शिकायचे. शब्द अडला की क्षणभर थांबायचे, कुठे ताण आला ते पाहायचे, तो सैल करून तोच शब्द पुन्हा सावकाश म्हणायचा. कधी तर जाणूनबुजून, मुद्दाम अडखळायचे, म्हणजे त्याची दहशत कमी होते. हीही तालीमच आहे, मामा, आणि तुमच्या तालमीपेक्षा हलकी नाही.”

“मुद्दाम अडखळायचे?” मास्तर उद्गारले. “भर बाजारात?”

“भर बाजारात. आपल्याकडेही असे करणारे आहेत. डॉ. सत्येंद्र श्रीवास्तव हे स्वतः तोतरे असलेले वैद्यकीय व्यावसायिक. त्यांच्या पुढाकाराने २००८ साली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन स्थापन झाली. मुंबई-पुण्यात तिचे गट जमतात, तिथे अडखळणारी माणसे एकमेकांपुढे अडखळत बोलतात आणि कोणी कोणाला घाई करत नाही.”

मास्तर काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी आपल्या बाजूचा बिनीचा साक्षीदार पुढे आणला. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज. लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थाकडे १९२६ पासून तो शिकत होता, आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन महायुद्धात उतरले त्या दिवशी त्याने साऱ्या साम्राज्याला उद्देशून आकाशवाणीवर भाषण केले. हे मेहनतीचे फळ नाही तर काय?

“मेहनतीचे आहेच,” भाची म्हणाली, “पण तो बरा झाला नव्हता. ते भाषण ऐका, जागोजाग थांबे आहेत. लोग त्या वेळी त्याच्या समोर उभा होता. राजाला एक माणूस असा मिळाला की ज्याच्यापुढे लपवायची गरज नव्हती. तुम्हाला कोण मिळाले?”

मास्तर यावर जे बोलले त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, असे म्हटले तरी चालेल.

“तुझी मामी मिळाली असती,” ते म्हणाले. “तिच्याशी बोलताना मला कधी फारसे अडले नाही. पण पाळी करून घरी येईपर्यंत बोलण्याचे सारे त्राण तिकडेच खर्च झालेले असे. ती विचारी, मी हूं म्हणे. पुष्कळ वर्षे ती समजत होती की मी तिच्यावर नाराज आहे.”

तोतरेपणाच्या शारीरिक शिणाविषयी मी पुष्कळ ऐकले होते, परंतु हा शीण परक्यांसाठी खर्च होतो आणि त्याची तूट घरच्या माणसांच्या खात्यावर पडते, ही गोष्ट माझ्या लक्षात तोपर्यंत आली नव्हती. मास्तरांचे आईवडील, भाऊ, पत्नी, मुले यांच्यापैकी एकालाही त्यांनी आयुष्यात कधी ‘मला बोलायला त्रास होतो’ हे वाक्य ऐकवले नव्हते. सर्वांना ते दिसत होते, आणि ते कोणालाच दिसत नाही असा सर्वांचा अलिखित करार होता.

मग बोलणे माझ्या नातवाकडे वळले, आणि तेव्हा मास्तरांनी आपल्या मनातले दुसरे शल्य बाहेर काढले. गल्लीत असे बोलले जात होते की पोरगा सारखा मास्तरांच्या ओसरीवर बसे, त्यांची नक्कल करी, आणि म्हणून त्याला ते लागले. दिवाळीपासून मास्तरांनी त्याला हाक मारणे बंद केले होते, ते याच सबबीने. आमच्या घरी कोणाला याची दादही नव्हती.

“मामा, हे लागत नाही,” भाची इतक्या निश्चयाने म्हणाली की शेजारच्या ओसरीवरही ते ऐकू गेले असेल. “नकलेने लागत नाही, भीतीने होत नाही, आईच्या धाकाने होत नाही. मेंदूत वाणीची हालचाल जुळवून आणणारे जे मार्ग असतात त्यांच्या जडणघडणीतला हा फरक आहे, आणि त्यात वंशाचा मोठा वाटा असतो. २०१० साली त्याच्याशी संबंधित जनुकेही सापडली. शंभरांतली सुमारे पाच मुले लहानपणी कधी ना कधी अशी अडखळतात, बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरुवात होते, आणि त्यांतल्या तीन-चतुर्थांशांचे ते आपोआप जाते. मोठेपणी शंभरांत एकाचे राहते, त्यांत पुरुष बायकांच्या चौपट. वकीलसाहेबांच्या नातवाचे कदाचित जाईल, कदाचित राहील. पण वर्ष लोटले आहे आणि पोर बोलायचे टाळू लागले आहे, म्हणून वाट पाहत बसण्याची वेळ गेली. त्याला तुमच्या ओसरीवरून तोडून मात्र काही साधणार नाही.”

मास्तरांना किती हायसे वाटले ते मी वर्णन करत नाही. पण ते मुद्द्यावरून हटले नाहीत. त्यांनी विचारले, मग पोराला हे सांगायचे की नाही? त्यांचे मत, सांगू नये. एकदा ‘तू तोतरा’ म्हटले की शिक्का बसला. आणि या बाबतीत त्यांच्या बाजूने एक भयंकर पुरावा आहे, तो भाचीनेच दिला. अमेरिकेत आयोवा येथे १९३९ साली वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली मेरी ट्यूडर हिने अनाथाश्रमातल्या बावीस मुलांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या काही नीट बोलणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगण्यात आले की तुम्ही तोतरे आहात, सांभाळून बोला, अडखळणार असाल तर बोलूच नका. ती मुले तोतरी झाली नाहीत. परंतु ती गप्प झाली, लाजरी झाली, आणि काहींचा तो संकोच आयुष्यभर टिकला. २००१ साली ही हकीकत जाहीर झाल्यावर विद्यापीठाने माफी मागितली.

“बघ,” मास्तर म्हणाले, “हेच मी म्हणतो.”

“त्या मुलांना नुसते नाव ठेवले नव्हते, बोलण्याची भीती घातली होती,” भाची म्हणाली. “प्रत्येक वाक्यावर पाळत ठेवली होती. नातू अडखळतो हे त्याला आधीच ठाऊक आहे. आपण सगळे त्याविषयी गप्प राहिलो तर तो एवढेच शिकेल की ही उघड बोलण्याजोगी गोष्ट नाही. त्याला म्हणावे, आज शब्द जरा अडत आहेत ना, अडू देत, मी ऐकतो आहे. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘पुन्हा म्हण’ हे त्याला सांगू नये. आपणच सावकाश बोलावे. त्याचे वाक्य पुरे करू नये. रोज थोडा वेळ असा असावा की ज्यात त्याचे बोलणे दुसऱ्या कोणी तोडणार नाही.”

येथे मी मध्ये पडलो. मास्तर एकादशीला विठ्ठलमंदिरात भजनाला बसतात आणि अभंग म्हणताना एकाही अक्षरावर अडखळत नाहीत, हे सारे गाव जाणते. मग ही शक्ती त्या पोराच्या उपयोगी पडणार नाही काय? भाचीने सांगितले की गाताना आणि दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवून वाचताना बहुतेक तोतरी माणसे अस्खलित असतात, कारण ज्या वेळेचा हिशेब मेंदूला एरवी स्वतः ठेवावा लागतो तो तेव्हा बाहेरच्या लयीकडून आयता मिळतो. त्याने बोलण्यातला तोतरेपणा जात नाही. पण आपला आवाज मोकळा निघू शकतो हा अनुभव लहान मुलाला फार मोलाचा असतो. मास्तर लगेच म्हणाले, उद्यापासून त्याला माझ्याकडे पाठवा, आम्ही दोघे मिळून हरिपाठ म्हणू. भाची म्हणाली, अवश्य म्हणा, पण शेवटी त्याला एकट्याने म्हणून दाखव असे सांगू नका. त्यावर मास्तर म्हणाले की ते मी पाहीन, आणि हा मुद्दा तिथेच अनिर्णित राहिला.

उपचारांची तजवीज मी करत आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, नायर रुग्णालयात वाचा-उपचाराचा विभाग आहे. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास, पहिली तपासणी तिथे करून पुढचे पाठ दूरदृश्य संभाषणाने घेता येतील असे भाची म्हणते. मराठवाड्यातल्या मुलाला आवाजाच्या दुखण्यासाठी अजून एवढे लांब जावे लागावे, याचे मला वाईट वाटते आणि ते मी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवणार आहे.

राहता राहिली शाळा. वर्गशिक्षिका भल्या आहेत, आणि भलेपणानेच त्या पोराचे शब्द पुरवतात. हजेरीला त्याने नुसता हात वर केला तरी चालावे, असे भाचीचे मत. मास्तरांचे मत नेमके उलट : आज हजेरीला हात, उद्या मुलाखतीला हात, त्याने ‘हजर’ म्हटलेच पाहिजे, मग त्याला पाव मिनिट लागो की अर्धे, आणि तेवढा वेळ वर्गाने थांबले पाहिजे. जग थांबत नाही असे संध्याकाळी सांगणारा मनुष्य रात्री वर्गाला थांबवू पाहत होता. मला हे अधिक मानवले. भाची म्हणाली की दोन्ही वाटा खुल्या ठेवा आणि कोणत्या दिवशी कोणती घ्यायची ते त्याचे त्याला ठरवू द्या. २६ जानेवारीच्या भाषणाला त्याचे नाव द्यावे की नाही, यावरही दोघांचे एकमत झाले नाही. सोमवारी मी शाळेत जाणार आहे. मास्तर बरोबर येतो म्हणाले आहेत, आणि वर्गशिक्षिकांशी कोणी बोलायचे ते आम्ही अजून ठरवलेले नाही.